माळावरचं हिरवं

"दार उघडू की मोडू?" सटवोजीनं विचारलं.

नबीबाबा कडब्याची पेंढी सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घाटात मीठ वाहून पाठी सोललेली अकरा तट्टं बाबांच्या तकियात, त्यांच्या फकिरी मठीत, उन्हाळा काढत होती. बारावी हरणी, सटवोजीची गाभण घोडी. सटवोजी एके काळी पागेत जमादार. तीन वर्षांपूर्वी तो फकिराकडे अनुग्रह मागायला आला आणि बाबांनी त्याच्या हातात दिला खराटा. तेव्हापासून तो शेण झाडत होता आणि मिशीला पीळही देत होता.

वळीव दोनदा पडून गेला होता. चार दिवसांत समोरचा माळ हिरवा दिसू लागला. तट्टांना वास लागला. कडब्याला तोंड लावीनात, दाराला छाती घासत उभी. आणि बाबा एकेका तट्टासमोर दोन पेंढ्या जास्त टाकत होते, वर गुळाचं पाणी शिंपडत होते.

"कडब्याची गंज गुडघ्याएवढी उरली," सटवोजी म्हणाला, "आन् तुमी आजच हात सैल सोडलाय! समोर देवानं ताट वाढलंय की, बाबा."

बाबांनी पुढची पेंढी सोडली.

"मला घोडी शिकवू नका. माझ्या मांडीखाली सात घोडी मेली!"

"मी तरी दुसरं काय म्हणतो?" बाबा म्हणाले.

सटवोजीचे कान लाल झाले. त्यानं दाराच्या अडसरावर हात ठेवला.

"हरणी माझी हाय. पोटात शिंगरू हाय तिच्या. तुमचा वाळका कडबा खाऊन बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालीय. मी तिला माळावर सोडणार. तिकडनंच वाट धरणार. तुमचा खराटा तुमाला लखलाभ!"

बाबांनी खुंटीवरचा तोबरा, घोड्याला दाणा चारायची पिशवी, काढून त्याच्या अंगावर टाकला.

"आधी माळावरनं एवढा भरून आण. भरला, तर दार मीच उघडतो. समद्यांना."

"एवढंच?" सटवोजी हसला. विळा घेऊन निघाला.

माळावर तो पोचला तेव्हा पायाखाली तांबडा मुरूम होता. हिरवं जरा पुढं होतं. तो पुढं गेला. तिथंही मुरूमच, मधूनमधून केसासारखी एखादी काडी. विळ्याच्या पात्यात यायचीसुद्धा नाही. पुढचा उतार मात्र हिरवागार. त्यानं मागं वळून पाहिलं, तर नुकता सोडलेला तुकडाही हिरवाच दिसत होता.

रिकाम्या हातानं परतेल तर तो सटवोजी कसला! विळा कमरेला खोचून तो गुडघ्यावर बसला आणि नखांनी उपटू लागला. एक टेकडी झाली, दुसरी झाली.

उन्हं कलली तेव्हा तो परत आला. गुडघे सोलले होते, ओठ फुटले होते. तोबऱ्याच्या तळाशी एक घास होता.

बाबांनी तो हरणीपुढं धरला. तिनं एका फटक्यात संपवला आणि पुन्हा दाराकडं तोंड केलं.

मग बाबांनी सटवोजीपुढं कालची भाकरी ठेवली. तो अधाशासारखा जेवला. बाबा हरणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पाणी पिऊन सटवोजीनं तोंड पुसलं. मान मात्र खाली घातली नाही.

"तोबरा भरला न्हाई. कबूल. पर आता एक विचारतो. चार दिस झाले. डोळं मिटलं की उजेड दिसतोय. तीन वर्सांत पैल्यांदा, बाबा! आता मला खराटा कशाला? शेण कशाला? पहाटेचं ध्यानाला बसणं तरी कशाला?" त्याचा आवाज फाटला. "तुमी म्हणणार, त्यो बी खोटा. म्हणा! मी ऐकायचा न्हाई. माझा उजेड मी कुनाला हिसकू देणार न्हाई!"

बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्याच्या गुडघ्यावरचा मुरूम हलक्या हातानं झटकला.

"खोटा कशानं असंल? माळ हिरवाच हाय."

सटवोजीनं दाराबाहेरच्या माळाकडं पाहिलं, मग रिकाम्या तोबऱ्याकडं.

"मग आता करू काय?"

बाबांनी गुळाच्या पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला.

"आजपास्नं तुलाबी दोन पेंढ्या जास्त."