पाणवठ्यावरचा पहारा

“...मग अजून एकही जनावर का फिरकत नाही, बाबा?”

फकीर लतीफशा चूल फुंकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे हुलसूरकर. टेकडीखालच्या कारखान्याचे व्यवस्थापक आणि बाबांचे जुने शिष्य. कारखान्याची वाढ थांबली, मागचा माळ पडून राहिला. तो रानातल्या जनावरांना परत द्यायचा, हा हट्ट त्यांचा.

“कुंपण काढलं. इथलंच गवत पेरलं. पाणवठा खोदला. आणखी काय करायचं माणसानं?”

“तू काय करतोस तिथे?”

“बसतो. पाण्याला लागूनच मचाण बांधलंय. उजाडल्यापासून दुर्बीण डोळ्याला. एक दिवस चुकवलेला नाही.”

“बायको काय म्हणते?”

“म्हणते, माझ्याकडे कधी इतकं बघितलं नाहीत.”

बाबा खो खो हसले.

“हसू नका, बाबा. सोमवारी मालक येतायत. जनावरं येतात असं पटलं नाही, तर माळावर गोदाम उभं राहणार. काय दाखवू त्यांना?”

...

बाबांनी ताट वाढलं. भाकरी आणि पिठलं.

“आधी जेव.”

हुलसूरकरांनी घास मोडला. बाबा समोर येऊन बसले, गुडघ्याला गुडघा लावून. आणि बघू लागले. घासाकडे, बोटांकडे, ओठांकडे. पापणी न हलवता.

घास तोंडाशी थांबला.

“बाबा... असं काय बघताय?”

“जेव की.”

“कसं जेवू? घशाखाली उतरेल का?”

बाबा बघतच राहिले.

हुलसूरकर सकाळपासून उपाशी होते. तरी त्यांनी घास ताटात ठेवला.

तेव्हा बाबा उठले. बाहेर गेले. दार ओढून घेतलं.

...

बऱ्याच वेळानं दार उघडलं. बाबांनी ताटाकडे नजर टाकली.

“पोटभर जेवलास.”

“जेवलो. पण तुम्ही तर बाहेर होता. बघितलंत कुठे?”

बाबांनी ताट उचललं. भाकरी संपली होती. तळाला राहिलेल्या पिठल्यावर चार बोटं उमटली होती, पाणवठ्याच्या चिखलात पंजा उमटावा तशी.

ते त्यांनी हुलसूरकरांच्या डोळ्यांपुढे धरलं.

“मालकांना हे दाखव.”