करालदंताचे आभारस्तोत्र

एका राज्यात अन्न कधी सरत नसे, कारण राजवाड्यात एक मंतरलेला रांजण होता. करालदंत मांत्रिकाने तो दिला होता आणि अट घातली होती: राजकन्येने वर्षभर रोज सूर्योदयी दिव्यापुढे निश्चल बसून मांत्रिकाचे आभारस्तोत्र म्हणावे. ती चुकली, तर घरातल्या एकाचा कंठ जाईल, तो मुका होईल.

राजकन्या वेगवती हिचे चित्त एका जागी ठरत नसे. बाहेर घोडा खिंकाळला की ती स्तोत्रातून उठून जाई आणि परतायचे भान तिला राहत नसे. तिने बोटांना दोरे बांधले, दासी राखणीला बसवल्या. तरी चुकली. आधी दाई गोमतीचा कंठ गेला, मग धाकट्या भावाचा, अंशुमानाचा. तिसऱ्या चुकीला राणी प्रभावती म्हणाली, "कृतघ्न आहेस तू," आणि त्याच शब्दावर राणीचाही आवाज संपला.

वेगवतीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तडक मांत्रिकाच्या गुहेत शिरली. तिथे तीन पिंजऱ्यांत मैना, राघू आणि भारद्वाज बसले होते.

"कंठ परत दे," ती म्हणाली.

"तीन वेळा आभार मान. तीन पिंजरे उघडतील," मांत्रिक म्हणाला. "नाही उघडले, तर तुझाही कंठ माझा. उघडले, तर माझाच जाईल."

ती डोळे मिटून बसली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच मैना दाईच्या आवाजात बोलली, "बाळ, जेवलीस का?"

वेगवतीने वळून पाहिले. स्तोत्र तुटले. "दाई, मी तापाने फणफणले तेव्हा तू उशाशी बसून होतीस. मी कधी बोलले नाही, पण तुझे उपकार मी जाणते."

"चुकलीस," मांत्रिक हसला. पण मैनेचा पिंजरा उघडला होता.

पुन्हा ती बसली. राघू अंशुमानाच्या आवाजात म्हणाला, "ताई, मला सोडून जाऊ नकोस."

"डोहात मी बुडत होते, तूच वेल फेकलीस. तुला कशी सोडीन?" दुसरा पिंजरा उघडला. मांत्रिकाचे हसू मावळले.

तिसऱ्या वेळी भारद्वाज राणीच्या आवाजात म्हणाला, "कृतघ्न."

वेगवती ताडकन उठली. "आईसाहेब, वेणी घालताना मी सारखी पळायचे आणि तुम्ही कंगवा धरून थांबायचात. ते मी विसरले नाही, विसरणारही नाही. पण हा शब्द खोटा आहे. तो मी घेणार नाही." मग ती मांत्रिकाकडे वळली. "आणि तू मागतोस ते आभार नव्हेत. ती खंडणी आहे."

तिसरा पिंजरा उघडला. मांत्रिकाने शापासाठी तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही. तीन वेळा आभार मानून झाले होते. त्याच्या नावाचे नव्हते, एवढेच.

रांजण त्याच घटकेला फुटला आणि लोकांनी नांगर धरले. वेगवती घरी पोचली तेव्हा तिघांचे कंठ परत आले होते. राणी म्हणाली, "वेगे, चुकले माझे."

"हो, चुकलेच," वेगवती म्हणाली. तिचा राग दसऱ्यापर्यंत टिकला.

पुढे ती गादीवर बसली. कोणाचे उपकार आठवले की ती भर दरबारातून उठे, पागेत किंवा मुदपाकखान्यात जाऊन त्या माणसाला तोंडावर सांगे. तोवर प्रधानांनी थांबावे, असा नियम झाला, आणि त्या राज्यात तो बाराही महिने पाळला जाई.