मुरलेलं मेण

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे केरूनाना नावाचा मधपाळ राहायचा. मधमाश्यांच्या पेट्या सांभाळण्यातच त्याचे केस पिकले होते. दर वर्षी तो जुनी पोळी वितळवायचा, मेण गाळायचा आणि त्याचे पातळ पत्रे करून पेटीच्या चौकटींत लावायचा. त्यावर माश्या झटपट घरं बांधत आणि मध लवकर हाती येई.

पुढे खालच्या मळ्यांत फवारण्या वाढल्या. फुलांवरचं विष माश्यांबरोबर पेटीत येऊ लागलं आणि मेणात मुरू लागलं. पोळ्यातली पिल्लं वाढण्याआधीच मरू लागली. नानाने मेण पुन्हा उकळलं, दुहेरी फडक्यातून गाळलं. मेण सोन्यासारखं दिसू लागलं, पण पिल्लं मरायची थांबली नाहीत.

मग तो स्वच्छ मेण शोधायला निघाला. बाजारातल्या मेणात भेसळ होती. दुसऱ्या गावच्या मधपाळांकडे गेला, तर त्यांच्याही भोवती फवारलेलेच मळे. पाय सुजेपर्यंत हिंडून तो रिकाम्या हातांनी परतला आणि ओट्यावर नुसता बसून राहिला.

त्याची बायको बयजाबाई पाणी घेऊन आली. "मेण माश्याच आपल्या अंगातून काढतात ना?" ती म्हणाली. "पेट्या वर पठारावर नेऊ, तिथे फवारणी नाही. जुनी पोळी काढून रिकाम्या चौकटी देऊ. बांधू देत त्यांचं त्यांना."

नानाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मेण करायला माश्यांना पोटभर मध लागतो. म्हणजे यंदा त्यातला थेंबही काढता येणार नव्हता. शिवाय या वयात पेट्या डोक्यावरून चढवायच्या. नुसत्या विचारानेच तो दमला. तरी हो म्हणाला.

तेवढ्यात शेजारचा लहानू आला. त्याच्याकडेही पेट्या होत्या, पण पत्रे संपले होते. नानाने गाळून कोपऱ्यात ठेवलेला मेणाचा गोळा बघून त्याने तो मागितला. बदल्यात नानाच्या सगळ्या पेट्या पठारावर पोचवून देतो म्हणाला.

नानाने गोळा उचलून हातात घेतला. गुडघे ठणकत होते. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

"दिसतंय चांगलं," शेवटी तो म्हणाला, "पण यात विष मुरलंय. पेटीत लावू नकोस, पिल्लं मरतील."

"द्यायचं नसेल तर तसं सांगा, नाना," लहानू म्हणाला आणि उठून गेला.

नानाने तो गोळा चपला शिवणाऱ्याला दोऱ्यावर घासायला देऊन टाकला. मग रोज संध्याकाळी नवराबायको एकेक पेटी घेऊन, जागोजागी टेकत डोंगर चढले. त्या वर्षी घरात मध आला नाही. लहानूने मेण दुसरीकडून आणलं. त्याच्या पेट्या एकामागून एक ओस पडत गेल्या.

पुढच्या हंगामात नानाने झाकण उघडलं. आत पांढरंशुभ्र पोळं होतं आणि घराघरांत टपोरी, जिवंत पिल्लं. तो तिथेच खाली बसला.

काही दिवसांनी लहानू उरलेली एक पेटी डोक्यावर घेऊन वर आला. "मेण नाही मागत, नाना," तो हळूच म्हणाला. "पेटीपुरती जागा द्या."

नानाने आपली पेटी थोडी सरकवली. "ठेव इथे. जुनी पोळी मात्र काढून टाक. यंदा तुला मध मिळायचा नाही."

लहानूने मान डोलावली आणि पेटी खाली ठेवली.

तात्पर्य इतकंच, की आत मुरलेलं विष गाळून जात नाही. चांगलं हवं असेल तर नव्याने सुरुवात करावी लागते, आणि आपण कितीही थकलो तरी आपल्याकडचं विष दुसऱ्याच्या घरात जाऊ द्यायचं नसतं.