टोपकराच्या बाटलीतला शब्द

एका राज्यात, समुद्राच्या काठी, शब्दांचा घाट होता. केशराचे, चंदनाचे, घोड्यांचे घाट सगळीकडेच असतात. इथं परदेशी शब्द उतरत. कुणी शिंपल्यात आणी, कुणी काचेच्या बाटलीत. रीत अशी, की आलेल्या शब्दाला पाटावर बसवावं, गुळपाणी द्यावं आणि विचारावं, "कूळ कोणतं? घरात अर्थ किती?" सगळं वहीत उतरलं, की शब्द बाजारात मोकळा. वाळवंटापलीकडून 'मेज' आला, तेव्हा गप्पा सांगत दोन दिवस राहिला. निघताना कोळणींनी त्याला शिदोरी बांधून दिली. असे ते दिवस.

घाटाचा नाकेदार रायाजी. तीस वर्षांत त्यानं वहीतला एक रकाना कोरा सोडला नव्हता. माहीत असो नसो, काहीतरी ठोकून लिहायचाच.

एके दुपारी टोपकरांचं, म्हणजे टोपी घालणाऱ्या गोऱ्यांचं, जहाज लागलं. त्यावरचा म्हातारा मांत्रिक एक बाटली घेऊन आला. त्याच वेळी रायाजीची बायको येसूबाई भाकरी घेऊन आली.

"अहो, आटपा. पिठलं निवतंय."

रायाजीनं बाटलीला घाईनं विचारलं, "अर्थ काय रे तुझा?"

शब्द म्हणाला, "फळी. आणखी..."

"पुरे." रायाजीनं लिहिलं : अर्थ, फळी. मूळ, झाड.

येसूबाईनं वही ओढून मोठ्यानं वाचलं, "'बोर्ड'! हे काय नवीन खूळ?" आणि ती जागच्या जागी फळी झाली. अर्धवट नोंदलेला शब्द जो पहिल्यांदा उच्चारील, तो नोंदलेला अर्थच होऊन बसे, असा घाटाचा शाप होता.

राजा चंद्रध्वज धावत आला. "नाकेदार, हे काय केलंत?"

"महाराज, घाई केली."

मांत्रिक रायाजीला म्हणाला, "या शब्दाचे तीन अर्थ उपाशी निघून गेले. तिसरा सूर्य मावळायच्या आत त्यांची कुळकथा ऐकून ये. नाहीतर फळीला मुळं फुटतील. मग ती तुझी नाही, रानाची."

जहाजावरची साळुंकी रायाजीच्या खांद्यावर बसली. "चल. वाट मला ठाऊक आहे. बोलू मात्र कमी."

पहिल्या दिवशी रानात मेजासारखी एक लांब फळी मांडलेली दिसली. वर वाफाळती ताटं, जेवायला कुणी नाही.

फळी म्हणाली, "आधी वाढ, मग विचार." रायाजीनं वाटसरूंना हाका मारून पंगत जेवू घातली. स्वतः उपाशी राहिला. फळी खूश झाली. "दोन लाकडी घोड्यांवर टाकलेली फळी मी. माझ्यावर जेवले, म्हणून पुढं जेवणालाच माझं नाव पडलं."

दुसऱ्या दिवशी गुहेत सात म्हातारे भांडत बसलेले.

"मध्ये बोलू नकोस!" एक ओरडला.

"बोललोच नाही, आजोबा."

"तोंडावर दिसतंय!"

रायाजी दिवसभर गप्प ऐकत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच. शेवटी म्हातारेच दमले. "कारभारी मंडळ आम्ही. त्या फळीभोवती बसून निकाल देत आलो. लाकडाचं नाव माणसांना चिकटलं, बाबा."

तिसऱ्या दिवशी साळुंकीमागं होडी वल्हवत तो भर समुद्रात गेला. तिथं जहाज नसलेली जहाजाची कड तरंगत होती. "चढून दाखव," ती म्हणाली. रायाजी तीनदा पडला, चौथ्यांदा चढला.

"तूही त्या फळीचीच लेक ना?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"छे! माझं घराणं वेगळं. कड, काठ, किनारा हे आमचं. फळीवाले शेजारी. इतकी वर्षं शेजार झाला, की नाव एक झालं. आता माझ्यावर पाय ठेवला, की जहाजावर चढलास म्हणतात."

सूर्य टेकला तेव्हा रायाजी घाटावर पोचला. फळीच्या पायाशी पांढरं मूळ डोकावत होतं. त्यानं तिन्ही अर्थ लिहिले. मांत्रिकानं विचारलं, "मूळ? दोन घराण्यांत थोरलं कोणतं? ती खरंच परकी, की फार मागं सख्ख्या बहिणी?"

रायाजीचा हात सवयीनं चालू लागला. 'फळी' लिहावं, की 'कड'? यातलं एक ठोकलं, तर कोण विचारणार होतं? त्यानं येसूबाईकडं पाहिलं. लेखणी खाली ठेवली.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "दोघी मला भेटल्या. पण त्यांच्या आज्या एकमेकींना काय म्हणत, ते मला ठाऊक नाही."

"न ठोकता कोरा सोडलेला रकाना, हीच पुरी नोंद," मांत्रिक म्हणाला. रकाना कोरा राहिला. मूळ सुकून गळालं, फळीला घाम आला, आणि येसूबाईनं पाय झटकले.

"अहो, असं ताटकळत कुणी उभं करतं का? आणि हे काय, तीन दिवसांत निम्मे झालात!"

रायाजी तिच्या शेजारी पायरीवर बसला.

राजानं शब्दाला पाटावर बसवून गुळपाणी दिलं. तीनही अर्थ घरी परतले. पेठेत लोक तो शब्द निर्धास्त बोलू लागले, जहाजं लागली, पंगती उठल्या, म्हातारे भांडले.

मंडळी, तो घाट आता वाळूखाली गेला. शब्द अजून येतात, थव्यानं येतात. पण त्यांना बसा म्हणणारं कुणी नाही. रायाजी-येसूबाईचा संसार झाला तसा सगळ्यांचा होवो, आणि दारी आलेल्याचं गाव विचारायला आपल्याला सवड मिळो.