बुवांसाठी बैठक

“...मग माझ्यासारख्याने कोणत्या बैठकीला जावे, बाबा?”

भानुदासबुवा शेलगावकरांनी हे विचारले तेव्हा दुपार कलली होती. मठात दुसरे कोणी नव्हते. आत्मारामबाबा समईच्या वाती वळीत बसले होते.

“दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक तालुक्याला भरते,” बाबा म्हणाले. “दर शुक्रवारी, शाळेच्या मागच्या खोलीत. मीच तुला सांगितले होते.”

“गेलो होतो.”

“मग?”

“दारातच त्यांनी मला ओळखले. व्यसनमुक्तीवरची माझी कीर्तने साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. त्यांना वाटले, बुवा उपदेश करायला आले. खुर्ची आणली. हार घातला.”

“तू काय केलेस?”



“तासभर निरूपण केले.”

“कशावर?”

“...मद्यपानाच्या दुष्परिणामांवर.”

बाबांनी वात तबकात ठेवली आणि दुसरा कापूस घेतला.

“चांगले झाले?”

“रंगले. दोघे रडले.”

“आणि तू?”

“स्टँडपलीकडे दुकान उघडे होते.”

बुवा याच मठात कीर्तन शिकले होते. आवाज गोड, पाठांतर अफाट, आणि दोहोंचा अभिमान पुरेपूर. त्यांची दारू घरच्यांखेरीज एका बाबांनाच ठाऊक होती. आता ती डॉक्टरांनाही कळली होती. यापुढे प्यालात तर पावसाळा पाहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

“मला लांबचे गाव सांगा,” बुवा म्हणाले. “जिथे मला कोणी ओळखत नाही.”

“तिथे नाव काय सांगशील?”

“दुसरे काही तरी.”

“म्हणजे दारू तो दुसरा सोडणार.”

“थट्टा करू नका, बाबा. मला मरायचे नाही.”

“थट्टा केली नाही.”

“मग तुम्हीच शपथ घाला. तुमच्या पायावर हात ठेवतो. बैठकीची गरजच उरणार नाही.”

“मागेही ठेवला होतास.”

बुवांनी मान खाली घातली.

एवढ्यात बाहेर कोणी चपला काढल्या. आत आले ते काशिनाथ तुपे, निवृत्त हवालदार. शुक्रवारची ती बैठक तेच भरवीत. ते बाबांच्या पाया पडले, मग बुवांच्या.

“बरे झाले, बुवा इथेच सापडले. शेलगावला जाऊन आलो. वहिनी म्हणाल्या, मठात असतील.”

“बसा, हवालदार,” बाबा म्हणाले. “तुमची दारू सुटली ना?”

“आजच्यापुरती सुटली आहे, बाबा. उद्याचे उद्या. नोकरीत असताना दारूच्या धाडी मीच घालायचो. पंचनामा कागदावर, माल पोटात.”

बाबा हसले. बुवा हसले नाहीत.

तुप्यांनी पिशवीतून नारळ काढला. कीर्तनाचे आमंत्रण नारळ देऊन होते. कीर्तनकाराने तो हाती घेतला की शब्द दिला असे होते.

“येत्या शुक्रवारी पुन्हा यावे, बुवा. परवाच्या निरूपणाने आमची माणसे हलली. पोरे विचारतात, बुवा कधी येणार? खुर्ची या वेळी बरी आणू. मागची डुगडुगत होती.”

बुवांनी बाबांकडे पाहिले.

बाबा वात वळीत होते.

नाही म्हणावे, तर कारण सांगावे लागणार होते. हो म्हणावे, तर पुन्हा तोच हार, तेच निरूपण, आणि परतीच्या वाटेवर तेच दुकान...

बुवांनी सवयीने दोन्ही हात पुढे केले.

तुप्यांनी नारळ त्यांच्या ओंजळीत ठेवला. तो तिथे ठरेना. तुप्यांनी पटकन खालून आपले हात लावले.

“बुवा, हात फार कापतात.”

“वारा सुटला आहे.”

“चैत्र आहे, बुवा. पान हलत नाही.”



तुपे त्यांच्या हातांकडे पाहत होते. मग त्यांनी तोंडाकडे पाहिले. अगदी जवळून, जसे परवा त्या खोलीत कोणी पाहिले नव्हते. नारळ त्यांनी जमिनीवर ठेवला. हात मात्र सोडले नाहीत.

“सकाळी थोडी घेतल्याशिवाय हे थांबत नाहीत ना?” त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

“हवालदार, तुम्ही कोणाशी बोलता आहात याचे भान ठेवा.”

“ठेवतो आहे.”

“मी कीर्तनकार आहे.”

“मी पोलीस होतो.”

...

मग बुवांचा आवाज आला. निरूपणातला तो नव्हता.

“सकाळी... आणि दुपारीही.”

“आज?”

“आज अजून नाही. म्हणून कापतात.”

तुप्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर ना आश्चर्य होते, ना दया.

“माझेही असेच कापायचे,” ते म्हणाले. “सलाम ठोकताना टोपी पडायची.”

बुवांनी हात सोडवून घेतले नाहीत. ते बाबांकडे वळले.

“बाबा, तुम्ही काही तरी सांगा. उपदेश करा. मी ऐकतो.”

बाबांनी तबक बाजूला सारले आणि ते आसन सोडून उठले. वयामुळे उठायला त्यांना वेळ लागला. उंबरठ्यापाशी पोचले तेव्हा बुवा घाबरून म्हणाले,

“बाबा, आम्हाला टाकून कुठे निघालात?”

बाबांनी बाहेर पाऊल ठेवून दार ओढून घेतले. आवाज बाहेरून आला.

“मी कधी प्यालो नाही, भानुदास. या बैठकीत मला जागा नाही.”