तळ्यातली माती कुणाची?

रायाजीराजांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि पहिलाच घोट गालिच्यावर थुंकला. पाणी होतं की गेरूचा काला, कळायला मार्ग नव्हता. पावसानं गावचं तळं तुडुंब भरलं होतं खरं, पण निम्मं गाळानं. गावातल्या बायका महिनाभर तेच पाणी फडक्यानं गाळून पीत होत्या. पण त्याचा बोभाटा झाला तो राजाच्या दाताखाली कचकच आली तेव्हा.

राजा महाहट्टी. त्यानं फर्मावलं की यापुढे गटारातून तळ्यात नुसतं पाणी जाईल. लगेच दवंडी फिरली: रंगाऱ्यांनी रंगाचं पाणी ओतायचं नाही, गवळ्यांनी शेण वाहू द्यायचं नाही आणि ज्याच्या अंगणातली माती तळ्यात जाईल त्याची खैर नाही. हुकूम वाईट होता असं कोण म्हणेल? पण कुठल्याही नव्या हुकमाला धरायला एक मानगूट लागते. ती शोधायला कोतवाल बाहेर पडला.

त्याला फार लांब जावं लागलं नाही. कुंभारआळीत म्हाताऱ्या मल्हारीच्या दारात काळ्या मातीचा ढीग होता. गाळ म्हणजे माती आणि माती म्हणजे कुंभार, झाला तपास! ढिगावर पाचट घातलंय, भोवती बांध घातलाय, असं मल्हारी कळवळून सांगत होता. कोतवाल ते ऐकत बसला तर तो कोतवाल कसला?

त्यानं मल्हारीला वाड्यावर उभं केलं आणि राजानं शिक्षाही तशीच अचाट सुनावली. कुंभारआळीनं तळ्यात गेलेली आपली माती घटस्थापनेच्या आत परत उचलायची. आपली मूठभर मागे ठेवायची नाही आणि दुसऱ्याच्या मातीला बोट लावायचं नाही. जमलं नाही, तर चाकं आणि बिऱ्हाडं उचलून सगळ्या आळीनं ओढ्यापलीकडच्या खडकाळ माळावर जायचं. तिथे ना माती होती ना पाणी. कुंभारानं तिथे जाऊन काय दगड भाजायचे? दुधात पडलेलं पाणी वेगळं काढा म्हणण्यातलाच हा प्रकार. मल्हारीला तर जागीच भोवळ आली.

त्याला सावरायला त्याची लेक हौसा पुढे झाली. पोरगी जिभेची तिखट. त्या जिभेपायी हिचं लग्न लांबलंय असं आळीतल्या बायका म्हणत, आणि कुठे भांडण लागलं की तिलाच बोलवायला येत.

"महाराज," ती म्हणाली, "कुंभार माती वाहू द्यायला लागला, तर उद्या वाणी मुंग्यांस्नी गूळ वाटंल. पर हुकूम म्हंजी हुकूम. येवढंच सांगा, ज्याची माती त्यानंच उचलायची, दुसऱ्यानं हात लावला तर त्यो चोर, ह्यो कायदा समद्यास्नी लागू हाय न्हवं?"

"सगळ्यांना!" राजा गरजला. "मग तो सरदार असो की सावकार!" आणि तशी दवंडीही पिटवली.

दिवस सरत आले, पाऊस ओसरला, तळ्याच्या काठाचा गाळ उघडा पडला. हौसा रोज तिथे जाई आणि दगडावर बसून शेंगा खाई. आळीतली माणसं धास्तावली. कोतवालानं मात्र मोठ्या हौसेनं ही खबर वाड्यावर पोचवली. राजा तडक घोड्यावरून आला. मागे सगळा गाव.

"माती उचलायची सोडून शेंगा कसल्या खातेस?"

"वाट बघतीया, महाराज."

"कुणाची?"

हौसानं काठीनं गाळ उकरला. वर जाड लाल थर होता, खाली खोलवर काळी माती. "काळी आमची. चार घमेली गेली असंल, न्हाई म्हनत न्हाई. पर तिच्या उरावर ही लाल बसलीया. ती निघाल्याबिगर माझा हात पोचत न्हाई, आन् मी काढली तर मी चोर."

"मग ज्याची लाल आहे, त्याला पकडून आणा!"

कुणी जागचं हललं नाही. उन्हाळ्यात राजानं वाड्यामागच्या टेकडीवरची सगळी झाडं तोडून घोडे पळवायला मैदान केलं होतं, आणि पावसानं ते निम्मं मैदान गावातून वाहत खाली आणलं होतं. लाल माती आसपास दुसरीकडे नव्हतीच. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? आणि कोतवालाला तर वर बघायची सवयच नव्हती.

हौसानं नुसतं बोट केलं. राजानं बोडक्या टेकडीकडे पाहिलं, गाळाकडे पाहिलं, पुन्हा टेकडीकडे पाहिलं. त्याचे कान त्याच रंगाचे झाले. मल्हारीनं डोळे गच्च मिटून घेतले.

"म्हणजे ही मी उचलायची?" राजानं हळू आवाजात विचारलं.

"दुसऱ्यानं उचलली तर चोरी हुईल की!" हौसानं पाठीमागची टोपली पुढे केली आणि तिच्यातून एक नवीकोरी चुंबळ काढली. "जुन्या लुगड्याची वळलीया, मऊ हाय. डोईला रुतायची न्हाई. मंदील तेवढा काढून ठेवा."

मग राजा असा काही हसला की घोडं बिचकून बाजूला झालं. हसता हसताच त्यानं मंदील उतरवला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि धापा टाकत खरोखरच एक टोपली काठावर आणून ओतली. पुढच्या टोपल्या सरकारी हुकमानं कोतवालाच्या डोक्यावर चढल्या.

शिक्षा मागे घेतली गेली आणि कुंभारआळी जिथल्या तिथे राहिली. टेकडीच्या उतारावर माती अडवायला ताली पडल्या, गवत लागलं, नवी झाडं आली. राजानं स्वतःच्या हातातलं सोन्याचं कडं हौसाला दिलं आणि वाड्यापासून तळ्यापर्यंतच्या सगळ्या गटारांची तपासणी तिच्याकडे सोपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कडं घालून ती कामाला निघाली, ती थेट कोतवालाच्या परसदारी!