काळा पडलेला प्लग

फार वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावात एक जुनी जीप होती. घाटावरच्या वाडीतून आजारी माणसाला दवाखान्यात आणायला तेवढी एकच गाडी. एके सकाळी निरोप आला, की वाडीतली ठकूबाई बाळंतपणात अडली आहे. जीप निघाली आणि पहिल्याच चढाला आचके देत थांबली.

इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या चार प्लगांमध्ये भांडण जुंपलं. "हा तिसरा प्लग बघा, कसा काळा पडलाय! याच्यामुळेच गाडी मिसिंग करतेय, आचके देतेय," बाकीचे तीन प्लग ओरडले. "फेका त्याला!"

तिसरा कळवळून म्हणाला, "अरे, माझ्यापर्यंत वीजच पोचत नाही. माझी जागा तरी बदलून बघा!"

गावातली मेकॅनिक फातमाबी धावत आली. ड्रायव्हर बाळकू म्हणाला, "चाची, काळा काढून नवा टाका, वेळ नाही."

"आधी तपासू दे," म्हणत तिनं काळा प्लग पुसून दुसऱ्याच्या जागी बसवला आणि दुसरा त्याच्या जागी. इंजिन सुरू केलं. काळा प्लग खणखणीत पेटला. चकचकीत दुसरा मात्र गप्प.

"खरंच इथं वीज येत नाही," तो शरमून म्हणाला.

फातमाबीनं तिथली वायर वाकवली, तर ती आतून तुटलेली! तिनं वायर बदलली, चारही प्लग एका लयीत पेटले आणि जीप न थांबता घाट चढून गेली.

दुपारी दवाखान्यातून बाळकू ओरडतच बाहेर आला, "मुलगी झाली!" आणि त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.